पाणबुड्या आणि मुलींचा तास

“मालक कुठेयत?”

हा प्रश्न मी दुकान असेपर्यंत ऐकला. सातपूरला माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, आणि दारात येणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा. कॅसेटवाला विचारायचा, वीजमीटर बघायला येणारा विचारायचा, हवालदारसुद्धा विचारायचा. मी तोंडात दोन स्क्रू धरून मशीनच्या पोटात अर्धी शिरलेली असायची, तरी प्रश्न तोच. एकाला वैतागून म्हटलं, “मालकांशीच बोलताय तुम्ही.” तर हा बाबा मागे वळून बघायला लागला, तिथे कोण उभं आहे म्हणून! आता अशा माणसाला काय सांगायचं, कपाळ?

या अंकाच्या संपादिकाबाईंनी फोन करून विषय दिला, ‘जुन्या गेममधल्या पहिल्या नायिका.’ म्हणाल्या, जरा गमतीशीर लिहा. गंमत आहे, नाही असं नाही. पण या विषयावर लिहायला बसलं की माझं डोकं तापतं आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो. तेव्हा गमतीचं जमेल तेवढंच.

आधी धंदा काय होता ते सांगते, कारण आताच्या पोरांना ते खरं वाटत नाही. लग्नाआधी मी सातपूरच्याच एका कारखान्यात रेडिओचे भाग सोल्डर करायची. लग्नानंतर नोकरी सुटली, हात मात्र गप्प बसेनात. यांची पाळीची नोकरी. रस्त्याकडचा गाळा रिकामा होता. तिथे मी टोकनवर चालणारं एक मोठं मशीन आणि टीव्हीला जोडायचे चार गेम मांडले. अर्ध्या तासाचा एक खेळ. भिंतीवर घड्याळ, घड्याळाखाली मी. “काकू, अजून दोन मिनिटं!” “काकू, शेवटचा जीव!” दिवसातून पन्नास वेळा. मशीनला लाथ मारायची नाही असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, तर त्या पाटीवरच लाथेचे ठसे. बटणं पोरांच्या अंगठ्यांनी झिजायची. आतला रबराचा तुकडा गेला की मी टीव्हीच्या जुन्या रिमोटमधला काढून बसवायची. कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची, थुंकी उडायची, आणि मग ती आणखीच लागायची नाही. स्पिरिट आणि जुन्या बनियनचं फडकं, एवढाच त्यावर इलाज. पण ऐकतंय कोण?

कॅसेटी सगळ्या नकली. अस्सल कॅसेट नाशकात कुणी बघितली असेल तर त्यानं मला कळवावं. मुंबईच्या बाजारातून पिशवी भरून आणायची, आणि घरी येऊन लावून बघितल्यावर कळायचं की बाहेरच्या चिठ्ठीवर विमान आहे आणि आत मोटारसायकल. ‘चौसष्ट खेळ’ म्हणायचं आणि असायचे आठच, तेच तेच पुन्हा. काही कॅसेटी खेळता खेळता मधली स्टेज गाळून थेट पुढे उडी मारायच्या. एकीत तर जंगलातला खेळ चालू असताना मधेच फुटबॉलचं मैदान उमटायचं. त्याला आम्ही ‘कॅसेट उडाली’ म्हणायचो. उडाली की खेळ रद्द, अर्धा तास परत. हा माझ्या दुकानाचा नियम होता, आणि मला त्याचा अभिमान होता. हे लक्षात ठेवा.

आता बायकांचं. मोठ्या मशीनवर मारामारीचा खेळ होता. आठ लढवय्ये, त्यातली एकच बाई. पोरांना सात पुरुषांतला कुठलाही चालायचा, जाड्या, टकल्या, अगदी तो हिरवा राक्षससुद्धा. कुणी चुकून तिच्यावर बोट ठेवलं की सगळे ओरडणार, “बाई घेतली रे यानं! हरायचंच ठरवलंय वाटतं!” लहान भावाला खेळू द्यायचं असेल तर त्याच्या गळ्यात ती बाई मारायची. मग बंटी नावाच्या एका किडकिड्या पोरानं शोधून काढलं की तिच्या लाथा सगळ्यांत जलद आहेत. त्यानं ओळीनं सहा जणांना लोळवलं. त्यावर या शहाण्यांनी काय करावं? तिचं कौतुक? छे! सभा भरवली आणि नियम केला की बाई घेणं म्हणजे चीटिंग. मी म्हटलं, “अरे गाढवांनो, काल ती कमजोर होती ना?” तर म्हणे, “काकू, तुम्हाला नाही कळणार.” त्या मशीनची वायर न् वायर मी बदललेली होती, आणि मला कळणार नव्हतं!

मुली यायच्या नाहीत. यायला बघायच्या, पण दारात पंधरा पोरं लोंबकळत असताना आत कोण येणार? म्हणून मी दुपारी दोन ते तीन मुलींचा तास ठेवला. शटर अर्धं खाली, पोरांना बंदी. आया कुरकुरल्या, पोरं बोंबलली, एका आजोबांनी तर येऊन विचारलं की आत नेमकं काय शिकवता. मी म्हटलं, “बसा, खेळून बघा.” बसले, दोन मिनिटांत तिन्ही जीव घालवले आणि “डोळ्यांना त्रास होतो” म्हणत निघून गेले.

मंगल याच तासाला यायची. वणीच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी, दहावीसाठी मामाकडे सातपूरला राहिलेली. मामा ओझरच्या विमान कारखान्यात, सकाळच्या बसनं जाणार आणि संध्याकाळी येणार. तिचं खेळणं त्याला माहीत नव्हतं आणि मामीला माहीत असून नसल्यासारखं. उंच, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. पण पोरीचा हात असा चालायचा की मी घड्याळाकडे बघायचं विसरायची. मी रबर बदलताना ती शेजारी उभी राहून बघायची आणि एकदाच विचारायची, “काकू, ह्ये असं का लावलं?” परत कधी विचारावं लागायचं नाही.

तिचं एकच चाललं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर एका सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. जिन्यात उभी राहून ती काचेतून आत बघायची. परीक्षा झाली की तिला गावी परत जायचं होतं. पुढे शिकवायचं नाही असं घरात ठरलेलं. “क्लासला जागा भेटली ना काकू, तर मामा म्हणला सहा महिने ऱ्हाऊ देईन,” ती म्हणाली. “पण पैशे देणार नाय म्हणला. गेले ना गावाला, तर पाव्हणे बघायला येतील.” हे तिनं रडगाणं म्हणून सांगितलं नाही, उद्या शाळेला सुट्टी आहे अशा सुरात सांगितलं.

तर त्याच उन्हाळ्यात सरांनी स्पर्धेची टूम काढली. माझ्या दुकानात गेमची स्पर्धा घ्यायची, जिंकेल त्याला क्लासमध्ये सहा महिने फुकट जागा. त्यांची जाहिरात, माझी गर्दी. खेळ मी निवडला, पाणबुड्या. तो पोरांचा त्या वर्षीचा जीव की प्राण. पितळी टोप आणि जाडजूड पोशाख घातलेला एक पाणबुड्या समुद्राखालच्या भुयारांत उतरतो, प्राण्यांशी झुंजतो आणि शेवटी बुडालेल्या जहाजातून एक पेटी वर आणतो. पोरं त्याला ‘पाणबुड्या दादा’ म्हणायची. अर्ध्या तासात तो कुणाचाच संपायचा नाही, त्यामुळे शेवट आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. स्पर्धेचा नियम सोपा होता, दीड तास द्यायचा आणि सगळ्यांत कमी वेळात संपवेल तो पहिला.

मंगलनं नाव दिलं. मी म्हटलं, “अगं, रविवार आहे, मामा घरी असणार, आणि सगळी पोरं बघायला.” म्हणाली, “जिंकल्यावर सांगते मामाला. सर पण येतील सांगायला, बोलले ते.” खरंच सरांनी तसं कबूल केलं होतं. म्हणजे त्या रविवारी तिच्या बाजूनं सगळं होतं. फक्त जिंकायचं होतं.

सकाळी नितीन खेळला. आमच्या गल्लीतला, चांगला खेळायचा, पोरगाही वाईट नाही. त्यानं एक तास वीस मिनिटांत संपवला. शेवटी पाणबुड्या पाण्याबाहेर आला, टोप घातलेलाच, हात हलवला, इंग्रजीत काहीतरी अक्षरं आली. टाळ्या, शिट्ट्या. दोघा-तिघांचा खेळ वेळेत संपलाच नाही. मग मंगल बसली. पोरं आधी खिदळली, मग पंधरा मिनिटांत गप्प झाली.

आणि नेमकं त्याच वेळी मोठ्या मशीनमध्ये टोकन अडकलं. म्हणजे काय, कुणीतरी टोकनऐवजी चपटं केलेलं बाटलीचं बूच घातलं होतं. मी चिडून पेटी उघडली, डोकं आत घातलं आणि बूच काढत बसले. घड्याळ सरांच्या हातात होतं, आणि सर दारात पालकांना माहितीपत्रक वाटत होते. मी परत आले तेव्हा मंगल शेवटच्या भुयारात होती. दहा मिनिटांत तिनं पेटी वर काढली. एकूण बावन्न मिनिटं.

पाणबुड्या पाण्याबाहेर आला. हात हलवला नाही. त्यानं दोन्ही हातांनी पितळी टोप उचलला, आणि आतून केस सुटले. बाई होती. चांगली हसणारी, थकलेली बाई, पेटी कडेवर घेऊन उभी.

मग बंटी ओरडला, “काकू, कॅसेट उडाली!” आणि सगळ्यांनी उचलून धरलं. दुसऱ्याच गेमचा शेवट लागलाय. मधल्या स्टेज गाळल्यात, म्हणून तर बावन्न मिनिटं! नितीनला तर टोपवालाच दिसला होता ना?

मंगल उठून माझ्याकडे वळली. “कॅसेट नाय उडली, काकू. सगळ्या स्टेज खेळले मी. ती बाईच हाय. मी तुमच्या दुपारच्या तासाला तीन दिवस ह्याच्यामागं होते. परवा तुम्ही जेवायला घरात गेल्या, तव्हा संपवला, तव्हा बी बाईच निघाली. तुम्ही आता बघत व्हत्या ना?”

मी बघत नव्हते. पण हे बोलायला जीभ वळली नाही. स्पर्धा माझी, नियम माझा, आणि मी बाटलीचं बूच काढत बसले होते हे पंचवीस जणांसमोर कसं सांगायचं? मी दुकानदारीच्या तोऱ्यात म्हटलं, “असं कुठे असतं का गं? इतका वेळ दादा, आणि शेवटी बाई?” हातात माझ्या स्क्रूड्रायव्हर होता. ‘मालक कुठेयत’ म्हणणाऱ्या माणसांना शिव्या घालणारी मी, आणि मीच हे बोलले. सगळी पोरं हसली. मी म्हटलं, “उडाली तर उडाली, नियम तो नियम. उद्या दुपारी परत खेळ, दुसरी कॅसेट लावते.” माझ्या मते मी फार न्यायानं वागले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. रविवारी संध्याकाळीच मामाला कुणीतरी सांगितलं की तुमची भाची पोरांच्या गर्दीत बसून गेम खेळत होती. जिंकली असती तर सांगायला सर जाणार होते. हरलेल्या मुलीसाठी सर कशाला जातील? मी मामाच्या घरी गेले तर दार मामीनं उघडलं आणि आत न बोलावता म्हणाली, “सकाळच्या गाडीनं पाठवली हो काकू. तुम्ही पण लेकरांना काय नाद लावता!” क्लासची जागा नितीनला मिळाली. त्याच्या आईनं मला पेढे आणून दिले आणि मी ते खाल्ले.

पुढे दिवाळीच्या आधी कॅसेटी आणायला मुंबईला गेले. नेहमीच्या विक्रेत्याकडे तक्रार केली, पाणबुड्याची कॅसेट खराब दिलीत, शेवटाला भलतीच बाई येते म्हणून. तो हसायला लागला. म्हणाला, “ताई, तासाच्या आत संपवला तरच टोप काढते ती. वेळ लागला तर नाही काढत. चांगलं खेळणाऱ्यालाच दिसते. कुणी संपवला तुमच्याकडे?”

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याला वाटलं उन्हाचं काही झालं, पाणी दिलं त्यानं. पोरगी इतकी चांगली खेळली होती की तिला खेळाचा खरा शेवट दिसला, आणि त्याच शेवटावर बोट ठेवून मी तिचा खेळ रद्द केला होता. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

गडावर देवीला जायचं निमित्त काढून मी वणीला उतरले आणि विचारत विचारत तिच्या गावी गेले. मंगल घराच्या ओट्यावर बसून कांद्याचं बी निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. तिची आई हसून म्हणाली, “पौषानंतर लगीन हाय, विंचूरकडं दिली.” आई आत गेल्यावर मी सगळं सांगितलं, बुचासकट. मी बघत नव्हते हेही सांगितलं. म्हटलं, मी सरांशी बोलते, फी मी भरते, मामाच्या पाया पडते. ती ऐकत होती. बी निवडणं थांबलं नव्हतं.

“आता काय उपयोग, काकू,” ती म्हणाली. “सुपारी फुटली.” मग तिनं विचारलं, “पोरांना सांगितलं का तुम्ही?”

“नाही अजून.”

“मंग सांगा. तेवढंच सांगा. लय हसत व्हती ती.”

मी हो म्हणाले. शपथसुद्धा घेतली, तिनं मागितली नसताना.

सातपूरला परत आले. दुकान उघडलं. पोरं आली, “काकू, अर्धा तास!” सांगायचं सोडून मी त्यांना कॅसेट लावून दिली. नितीन तर क्लासला जायला लागला होता, चांगला शिकत होता. सरांनी त्याचा फोटो जिन्यात लावला होता. आता सांगितलं तर त्याचं काय करायचं? सरांचं काय? आणि खरं सांगायचं तर मला त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हसण्याची भीती वाटली. काकूला कळत नाही, हे त्यांनी म्हटलेलं मला सोसलं नसतं. उद्या सांगू म्हटलं. मग परीक्षा झाल्यावर सांगू म्हटलं. मग पोरं मोठी झाली, यायची बंद झाली.

पुढे गेमची मशीनं गेली, मी गाळ्यात कॉम्प्युटर मांडले. तेव्हा एक नवीन नायिका आली, अर्धी चड्डी घालून गुहांमध्ये उड्या मारणारी. तिची मोठमोठी पोस्टरं लागली, आणि गल्लीतल्या सगळ्यांना एका दिवसात कळलं की गेममध्ये बाई नायिका असू शकते! अंगभर पोशाख घालून समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली चालली नव्हती यांना. मी ते पोस्टर फाडलं तर पोरं म्हणाली, काकू जुन्या वळणाच्या आहेत. बोला आता. मग मोबाईल आले, कॉम्प्युटरही गेले, मी शटर ओढलं आणि गाळा भाड्यानं दिला. मंगलच्या मामाची बदली झाली, तिचा पत्ता माझ्याकडे कधी आलाच नाही. सांगायचं मात्र तसंच राहिलं.

तेव्हा बंटी, नितीन आणि त्या रविवारी माझ्या गाळ्यात दाटीवाटीनं उभे असलेले बाकीचे सगळे, तुम्ही आता चाळिशी ओलांडली असेल. तुमच्यापैकी कुणाच्या हाती हा अंक पडला तर नीट वाचा, आणि बाकीच्यांना फोन करून सांगा. कॅसेट उडाली नव्हती. सगळ्या स्टेज खेळून, बावन्न मिनिटांत, ती स्पर्धा मंगलनं जिंकली होती. मी बघत नव्हते, आणि बघत होते असं तुम्हाला वाटू दिलं.